सतरावा रकाना

रविवार, दुपारचे अडीच. पोटात सोलकढी-भात आहे, शेजारी लॅपटॉप आहे, आणि मी स्वतःला बजावतेय की झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे. पाचच्या आत एका त्रैमासिकाला टिपण पाठवायचंय. टिपण तयार आहे. चारच ओळी, शुद्धलेखनसुद्धा दोनदा तपासलंय. तरी 'पाठवा'वर बोट जात नाही, म्हणून डोळे मिटते.

टिपण कसलं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या अर्थशास्त्रात एक जुना सिद्धांत आहे. ज्या देशाकडे जे मुबलक, ते ज्यात जास्त लागतं तो माल तो देश बाहेर विकतो. ज्याची टंचाई, ते ज्यात जास्त लागतं तो माल बाहेरून आणतो. आपल्याकडे हात मुबलक, यंत्रं कमी. तेव्हा आपण हातांचा माल विकणार आणि यंत्रांचा घेणार. शेंबड्या पोरालाही पटेल असं आहे. पण आकडे घेऊन तपासायला बसलं की घोळ होतो. सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेचे आकडे तपासले तर उलटंच निघालं, आणि तेव्हापासून जगभरचे लोक हा सिद्धांत तपासत बसलेत.

माझे गुरू, प्राध्यापक वामन दाभोळे, यांनी तो वेंगुर्ल्याच्या काजूवर तपासला. आफ्रिकेतून बी यायची, इथल्या बायका ती फोडायच्या, गर परदेशी जायचा. सिद्धांत खरा ठरायला याहून सोपं उदाहरण शोधून सापडणार नाही. सरांना मात्र आढळलं की त्या गरात हातांचं काम फारच थोडं आहे. म्हणजे कोकणात सिद्धांत खोटा. त्यावर सरांचं पुस्तक झालं, परिषदांना बोलावणी आली, आणि त्याच आकड्यांवर मी, शैलजा तळवणेकर, डॉक्टर झाले.

दोन आठवड्यांपूर्वी १९८८ सालचे ते जुने फॉर्म स्कॅन करताना मला दिसलं की सिद्धांताचं काहीच चुकलेलं नाही. सतरावा रकाना: 'घरी नेऊन केलेले काम, रोजचे तास.' चारशे बारा फॉर्म, आणि चारशे बाराही फॉर्मांत तो रकाना रिकामा. संगणकात आकडे भरताना रिकाम्या जागी शून्य पडलं. कारखान्यातून आल्यावर बायका घरी बसून जी बी फोडायच्या, ते सगळे तास शून्य. आता दिल्लीच्या एका संशोधकाने मूळ आकडे मागितलेत. महिन्याभरात हे बाहेर येणार. त्याआधी आपणच जाहीर केलेलं बरं, म्हणून टिपण. त्यातली तिसरी ओळ अशी आहे: 'ही त्रुटी कै. प्रा. दाभोळे यांच्याकडून झाली असावी.'

झाली असावी. किती सभ्य शब्द आहेत बघा. सरांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. फॉर्म मी भरले होते, सगळेच्या सगळे. त्यांवर भरणाऱ्याची सही नाही, आणि ही गोष्ट ज्याला माहीत होती तो एकच माणूस आता नाही. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरलेत. जन्मभर विद्यार्थ्यांना आकडे तपासून घ्या म्हणून ओरडलेय मी. माझं नाव राहतं की सरांचं, एवढाच प्रश्न आहे.

बाहेर विश्राम, माझा नवरा, टीव्हीवर क्रिकेट बघतोय. आवाज कमी कर म्हणून सांगायला जाते, तर तोंड उघडत नाही. पंख्याची घरघर ऐकू येतेय, पण पाती थांबलेली आहेत. आमच्या खोलीतल्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग कायम असतो. त्या ढिगावर दाभोळे सर बसलेत.

"साड्या चुरगळतील, सर," मी म्हणते. नऊ वर्षांनी भेटलेल्या गुरूला मी बोलले ते हे.

"असू दे गं. आता माझं वजन नाही."

तोच पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग. पण बाह्या पूर्ण आहेत आणि दोन्ही हात पँटच्या खिशात. शिकवताना ज्या माणसाचे हात क्षणभर खाली यायचे नाहीत, तो हात खिशात घालून बसलाय. मला ते बघवत नाही.

"काय लिहिलंयस? वाच."

मी वाचते. दोन ओळी नीट होतात. तिसरीला माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येतो.

"पुन्हा," सर म्हणतात.

मी पुन्हा वाचते. सर रागावत नाहीत. रागावले असते तर मीही चार शब्द बोलले असते, आमची भांडणं पूर्वी विभागभर ऐकू जायची. ते फक्त मान हलवतात, हजेरी घेताना हलवायचे तशी, आणि मला पहिल्यांदा भीती वाटते.

"कपाट उघड," ते म्हणतात.

आम्ही विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर आहोत, संगणकाच्या खोलीत. माझा पलंग मधोमध आहे आणि भोवती लोखंडी कपाटं. मी उशीवरूनच हात लांबवते आणि दार उघडतं. आतले फॉर्म ओलसर आहेत. त्यांना भाजलेल्या बियांचा वास येतोय, घशात बसणारा.

"तिकडे गेल्यावर मी सिद्धांत पुन्हा तपासला," सर म्हणतात. "दुसरं काम काय होतं मला."

"मग?"

"तंतोतंत खरा ठरला. दोन देश घे. एक तुमचा, एक आमचा. आमच्याकडे मुबलक काय असेल?"

तोंडी परीक्षेला बसल्यासारखी मी उत्तर चाचपते. "वेळ?"

"नाही. जो संपत नाही त्याला वेळ म्हणत नाहीत. हात, शैला. जन्मभर राबलेले आणि आता काही काम नसलेले हात. किती आहेत त्याची गणती नाही. आता सांग, तुमच्याकडे मुबलक काय आहे?"

मला उत्तर माहीत आहे. सर वाट बघतात. कपाटातून पाणी ठिबकायला लागतं.

"चुका," मी म्हणते.

"बरोबर. आणि त्या तुम्ही आमच्याकडे पाठवता. जकात नाही, तपासणी नाही, आणि मेलेला माणूस आलेला माल परत करत नाही. मुलं पाठवतात, डॉक्टर पाठवतात, बायका गेल्यावर नवरे पाठवतात. रोज येतं. चल, दाखवतो."

चल म्हणतात तेव्हा आम्ही पोचलेलोच असतो. वेंगुर्ल्याचा धक्का आहे, पण समुद्र गेलाय. जिथे पाणी असायचं तिथे पोत्यांच्या थप्प्या आहेत, नजर जाईल तिथवर. ऊन आहे आणि कशाचीच सावली पडत नाही. प्रत्येक पोत्यावर एक नाव आहे, नावाआधी 'कै.' आहे, आणि अक्षर वेगवेगळं. माझ्या पायाखाली अजून घरचीच चादर आहे, निळ्या फुलांची. मी वाकून नावं वाचत जाते आणि मला नको ते पोतं सापडतं. कै. वामन दाभोळे. अक्षर माझं.

"उचल," सर म्हणतात.

मी दोन्ही हातांनी ओढते. ते हलत नाही.

"यात काय आहे, सर?"

"तू भरलंयस. मला विचारतेस?"

आता मात्र मी चिडते. चिडले की मला बरं वाटतं. "तुम्ही तपासायला हवं होतं," मी म्हणते. "मार्गदर्शक तुम्ही होतात. सहा महिने मी रान तुडवत फिरले, तुम्ही एकदा तरी आलात? पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्यात. चारशे फॉर्मांत एक रकाना रिकामा दिसतोय, हे तुमच्या लक्षात यायला नको?"

"यायला हवं होतं," सर शांतपणे म्हणतात. "ते पोतं वेगळं आहे. त्याच्या मागे बघ."

मागे खरंच एक पोतं आहे. त्यावर त्यांचंच नाव आहे, त्यांच्याच तिरक्या अक्षरात, आणि त्याच्या आधी 'कै.' नाही.

"तेवढं माझं मी आणलं. हे तुझं आहे."

सर माझ्या अगदी जवळ येतात. त्यांच्या श्वासाची ऊब लागायला हवी, ती लागत नाही.

"पहिल्या वर्षाच्या पोरांना तू काय शिकवतेस? व्यापार एकतर्फी नसतो. इकडून माल गेला की तिकडून माल येतो. तुझं पोतं पाचच्या आत निघणार आहे. बदल्यात काय येणार?"

"मला काही नको, सर."

"नको म्हणून चालत नाही. जे आमच्याकडे मुबलक आहे तेच येणार."

मला त्यांच्या खिशांकडे बघायचं नाही, तरी मी बघते. सर हात वर करतात. बाह्यांच्या टोकाला काही नाही. बटणं लावलेली आहेत, इस्त्री आहे, आणि आत काही नाही.

"माझे हात जाऊन चार वर्षं झाली," ते म्हणतात. "कोणाकडे, ते विचारू नकोस. त्याने माझ्या नावावर काय पाठवलं, तेही विचारू नकोस."

टक्, टक्, टक्, असा आवाज येतोय. तो मघापासून येत होता. पंखा समजत होते मी. धक्का नाही, आम्ही पडवीत आहोत, आणि पडवी तळवणे गावातली आहे, माझ्या आईची. खांब ओळखीचा आहे, तुळईला टांगलेलं शिंकं ओळखीचं आहे. पण ही पडवी संपत नाही. शेणाने सारवलेली जमीन लांबच लांब गेलीय आणि तिच्यावर बायका रांगेत बसल्यात, पाठमोऱ्या. प्रत्येकीच्या पुढ्यात बियांचा ढीग आणि चिकापासून बोटं वाचवायला राखेची वाटी. बी दगडावर, टक्. मोजायची गरज नाही. त्या चारशे बारा आहेत.

सगळ्यांत जवळची बाई वळते. शेवंती धुरी. मी हिला १९८८ नंतर कधी पाहिलं नाही, आणि तरी नाकातल्या चमकीसकट ओळखते. ही कधी गेली, मला माहीत नाही. मी चौकशीसुद्धा केली नव्हती.

"बस गो बाय," ती म्हणते. मी बसते.

"तू माका इचारलंस," ती म्हणते. तिच्या आवाजात तक्रार नाही. "बाकीच्या बायकांनी सांगल्यानी, घरचां काम तां, तेका तास कसले. मी तसां नाय सांगूक. मी आकडो सांगलंय. मगे लिवलंस कित्याक नाय?"

मला माहीत आहे कित्याक नाय. तुम्हालाही सांगते, इथवर आलाच आहात तर. घरी बसून बी फोडणं म्हणजे काम, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझी आई तेच करायची. शाळेतून यायचे तेव्हा ती याच खांबाला टेकून बसलेली असायची, हाताला राख फासून. आणि शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असं असायचं, त्यापुढे मी 'काही नाही' लिहायचे, सुंदर अक्षरात. पुण्याच्या एखाद्या पोरीने विचारलं असतं, अहो बाई, हे तुम्ही रोज किती वेळ करता? सरांनी मला निवडलं ते मी तिथली म्हणून, मला बोली येते म्हणून. आणि मी तिथली म्हणूनच विचारलं नाही. एकशे नव्वद बायकांना मी तो प्रश्न वाचून दाखवला आणि उत्तर पुरतं यायच्या आत अठराव्याकडे वळले.

एकशे एक्याण्णवावी शेवंती. तिने मला थांबवलं आणि आकडा सांगितला. पेन माझ्या हातात होतं. तो आकडा लिहिला असता तर आधीच्या एकशे नव्वद घरी परत जावं लागलं असतं. पाचची एस.टी. लागली होती. मी रकाना कोरा ठेवला, आणि त्यानंतरच्या बायकांना तो प्रश्न वाचूनही दाखवला नाही. तेव्हा चूक म्हणजे पहिल्या एकशे नव्वद घरांपुरती चूक. पुढचं सगळं मी समजून केलंय.

"किती सांगितले तिने?" सर मागून विचारतात.

"आठवत नाही, सर."

टक् टक् थांबतं. एकदम, चारशे बारा ठिकाणी. कोणी वळत नाही. बायका फक्त थांबल्यात आणि ऐकतायत.

"किती तास, शैला?"

"पस्तीस वर्षं झाली, सर. कसं आठवेल?"

रांगेत आठ-दहा जणींपलीकडे एक पाठ आहे. हिरवी चोळी आहे, आणि मानेवर भाजल्याचा जुना डाग. ती पाठ मी कुठेही ओळखीन. तीही हात थांबवून बसलीय. मला हाक मारायची आहे, आई म्हणून ओरडायचं आहे, ती जाऊन इतकी वर्षं झाली. मी मारत नाही. ती वळली आणि तिने आपले तास विचारले, तर माझ्याकडे तिचा आकडा नाही. शेवंतीचा तरी आहे. आईला मी कधी विचारलंच नाही.

"हात दी," शेवंती म्हणते.

मी हात पाठीमागे घेते. तो पाठीमागे जात नाही, तिच्या मांडीवर जाऊन पडतो. माझा हात, पेन धरून मऊ राहिलेला. ती राखेची वाटी बाजूला सारते.

"राख लावूया," मी म्हणते. माझा आवाज बारीक झालाय. "राख लावल्याशिवाय नको."

"तुज्या बोटांक कित्याक होयी राख? तू खंय काम करतंस?" ती म्हणते आणि फोडलेली बी माझ्या बोटांत देते. मग माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवते आणि दाबते. टरफलातला चीक बाहेर येतो, काळा आणि दाट. आधी काहीच होत नाही. मग जळायला लागतं.

"सर," मी म्हणते, "सोडवा मला."

"कशाने सोडवू?" सर म्हणतात आणि रिकाम्या बाह्या दाखवतात.

शेवंती माझ्या तोंडाजवळ तोंड आणते. तिचा आवाज आता तिचा एकटीचा नाही. सगळी पडवी बोलतेय, हिरव्या चोळीसकट.

"किती, बाय?"

मी तोंड उघडते.

पंखा फिरतोय. बाहेर कोणीतरी बाद झालंय आणि विश्राम एकटाच टाळ्या वाजवतोय. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं. मी घामाने भिजलेय आणि मला हसू येतं, कारण स्वप्नं पडायचं माझं वय नाही आणि रविवारी जास्त जेवू नये हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. चादर निळ्या फुलांची आहे. खुर्चीवर साड्या आहेत. सगळं जागच्या जागी आहे.

लॅपटॉप उघडायला त्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवते. बोट ओळखता आलं नाही, असं पडद्यावर येतं. पुसून पुन्हा ठेवते. ओळखता आलं नाही. मग मी बोटाकडे बघते.

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकाला काळी पडलीत. कातडी सुरकुतून वर आलीय. ज्या बारीक रेषांनी यंत्र माणूस ओळखतं त्या तिथे नाहीत, सपाट आहे. नाकाजवळ नेते, तर भाजलेल्या बियांचा वास. मोरीत जाऊन साबण लावते. पाणी लागलं की आग होते, रंग जात नाही.

विश्राम चहा घेऊन दारात येतो. "बोटांना काय केलंस?"

"काजूचा चीक."

"ऑगस्टात? घरात काजूची एक बी नाही." तो कप ठेवून माझा हात उजेडात धरतो. त्याच्या आईचीही बोटं अशीच होती, तो मालवणचा, त्याला काय सांगायचं. मग म्हणतो, "थांब, खोबरेल आणतो."

तो जातो तेव्हा मी पासवर्ड टाकून टिपण उघडते. चार अठ्ठेचाळीस. तिसरी ओळ खोडायला वेळ लागतो, कळ दाबली की बोटातून कळ येते आणि प्रत्येक अक्षरामागे बटणावर काळा ठिपका उमटतो. दाभोळे हे नाव खोडते. 'असावी' खोडते. मग लिहिते: 'सर्वेक्षणाचे सर्व फॉर्म मी भरले. सतरावा रकाना मी रिकामा ठेवला. पहिल्या एकशे नव्वद वेळा अज्ञानाने, त्यानंतर जाणूनबुजून.'

एवढ्यावर थांबता आलं असतं. चार चोपन्न झालेत. मी आणखी एक ओळ लिहिते, आणि मला एक क्षणही आठवावं लागत नाही, पस्तीस वर्षांत कधीच आठवावं लागलं नव्हतं.

'फॉर्म क्र. १९१. शेवंती धुरी. रोज सहा तास.'